इंग्रजीतून पदवीचा अभ्यास: धीर आधी की भाषा आधी?

प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी सत्तरी तालुक्यातील एका गावातून पणजीच्या महाविद्यालयात येते आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला तिने अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेतला आहे. ती लिहिते: "चौथीपर्यंत मी मराठी शाळेत शिकले आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात. बारावीला गुण चांगले मिळाले. आता मात्र पुस्तकाचे एक पान वाचायला तास लागतो. वर्गात उत्तर येत असूनही तोंड उघडत नाही, आणि शहरातल्या मुली भराभर बोलू लागल्या की आपण चुकीच्या ठिकाणी आलो असे वाटते. काहीजण म्हणतात, आधी आत्मविश्वास कमव. काही म्हणतात, स्पोकन इंग्लिशचा वर्ग लाव. घरी येणारे मराठी वर्तमानपत्र बंद करून इंग्रजी सुरू करावे, असेही सुचवले जाते. नेमके आधी काय करावे?"

मी गेली चोवीस वर्षे गोव्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवते, आणि त्यांपैकी बरीच वर्षे विद्यार्थी-समुपदेशनाची जबाबदारीही माझ्याकडे राहिली आहे. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन दरवर्षी पावसाळ्यात, साधारण पहिल्या अंतर्गत चाचणीच्या सुमारास, मुले-मुली माझ्याकडे येतात; पेडणे, डिचोली, सत्तरी, सांगे आणि काणकोण या तालुक्यांतून येणाऱ्यांची संख्या त्यांत अधिक असते. त्या अनुभवावरून एक गोष्ट आरंभीच सांगते. धीर आधी की भाषा आधी, हा प्रश्नच तुम्हाला अडकवून ठेवतो आहे. आत्मविश्वास दुसरीकडून कमावून आणावा आणि मग अभ्यासाला बसावे, असे होत नाही. तुमच्या विषयातील इंग्रजीचे एखादे छोटे काम तुम्ही स्वतः पुरे केले आणि ते पुरे झाल्याचे तुम्हाला दिसले, की त्यातून तो तयार होतो. म्हणून पुढे मी जे सांगणार आहे ते पान वाचणे, उत्तर लिहिणे आणि वर्गात एक वाक्य बोलणे या कामांविषयी आहे, आणि मनाच्या बळाविषयी जे सांगायचे ते त्या कामांच्या ओघातच येईल.

प्रथम अडचणीचे नाव नीट ठरवू. तुम्ही पाचवी ते बारावी अशी आठ वर्षे इंग्रजी माध्यमात काढली, मग अडते कोठे? आपल्याकडच्या पुष्कळ शाळांत काय घडते ते तुम्ही स्वतः अनुभवले असेल. पुस्तक इंग्रजी असते, समजावून सांगणे कोकणीत किंवा मराठीत होते, आणि प्रश्नांची उत्तरे इंग्रजीतून वहीत उतरवून दिली जातात. समजावणे आपल्या भाषेत होते यात काहीच गैर नाही. ते चांगलेच आहे. उणीव राहते ती पुढच्या पायरीवर. जे कोकणीत समजले ते स्वतःच्या इंग्रजीत मांडून पाहण्याची वेळ मुलांवर येतच नाही, कारण मांडलेले उत्तर तयार मिळते आणि तेच पाठ करून परीक्षेत लिहायचे असते. पदवीला आल्यावर तयार उत्तरे थांबतात, पुस्तके जाड होतात, आणि आठ वर्षांत न झालेले काम एका सत्रात अंगावर येते. ही बुद्धीची उणीव नाही आणि हिमतीचीही नाही. हा राहून गेलेला सराव आहे, आणि तो आता करता येतो.

भराभर बोलणाऱ्या मुलींविषयी तुम्ही लिहिले आहे, त्याबद्दल एक भेद लक्षात घ्या. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये रोजच्या संभाषणाची भाषा आणि शिक्षणातील विचारांची भाषा या दोन वेगळ्या क्षमता मानाव्यात असे मांडले. स्थलांतरित मुलांच्या अभ्यासावरून त्यांना असे दिसले, की संभाषणाची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण शिक्षणाच्या भाषेत बरोबरीला यायला पाच ते सात वर्षे लागतात. याचा तुमच्याशी संबंध असा, की शेजारच्या बाकावरची मुलगी मैत्रिणीशी अस्खलित इंग्रजी बोलते म्हणून तिला मागणीच्या लवचिकतेवरचा, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते यावरचा, परिच्छेद समजलाच असेल, असे नाही. अस्खलित बोलणारे आणि चाचणीत चार सुसंगत वाक्ये लिहू न शकणारे विद्यार्थी माझ्याकडे दरवर्षी येतात. फरक इतकाच, की त्यांची अडचण वर्गात कोणाला ऐकू येत नाही. त्यांची आणि तुमची कमाई वेगळ्या जागी आहे. तुम्ही त्यांच्याशी केलेली तुलना कानाने केलेली आहे, आणि पदवीचे मूल्यमापन मुख्यतः कागदावर होते.

हाँगकाँगमधील एका विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा मोठा अभ्यास झाला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील मुलांपैकी अनेकांचे शालेय शिक्षण चिनी माध्यमातून झालेले होते. त्यांना पहिल्या सत्रात चार गोष्टी जड गेल्या: विषयाची परिभाषा, व्याख्याने समजणे, शिक्षणात अपेक्षित असलेल्या शैलीत लिहिणे, आणि आपल्या विषयाच्या व संस्थेच्या अपेक्षा ओळखणे. या अडचणींतून ती मुले बाहेर आली ती जिद्द, कष्ट, अभ्यासाच्या योग्य पद्धती आणि मित्रमैत्रिणींचा आधार या चारही गोष्टी एकत्र आल्यामुळे. सरळ संभाषणाची अडचण त्या पहिल्या चारांत नाही, हे तुम्ही लक्षात ठेवावे असे मला वाटते. म्हणून स्पोकन इंग्लिशच्या वर्गाला पैसे भरण्याची घाई करू नका. त्या वर्गांत हॉटेलात, बँकेत, मुलाखतीत कसे बोलावे ते शिकवतात. ते वाईट नाही, तिसऱ्या वर्षी नोकरीच्या वेळी उपयोगी पडेलही, पण तुमचे तासभर अडलेले पान त्याने सुटणार नाही.

आता त्या पानाकडे वळते, कारण माझ्या मते सगळ्याची सुरुवात तेथे आहे.

एखादे पान घ्या, घड्याळ लावा, आणि वाचून होईपर्यंत किती मिनिटे गेली व किती शब्द अडले ते वहीत तारखेसह लिहा. अडलेल्या शब्दांचे दोन गट पडतात. पहिला गट विषयाच्या परिभाषेचा. या गटातील सर्वांत फसवे शब्द ते, जे रोजच्या इंग्रजीत ओळखीचे असतात आणि विषयात वेगळाच अर्थ घेऊन येतात. अर्थशास्त्रातील 'इन्फिरियर गुड' म्हणजे दर्जाने वाईट वस्तू नव्हे. उत्पन्न वाढल्यावर जिची मागणी कमी होते ती वस्तू. 'मार्जिनल' म्हणजे किरकोळ नव्हे. आणखी एका नगामुळे होणारा बदल. 'रिअल वेज' मधला 'रिअल' म्हणजे खरा नव्हे. किमतींतील वाढ वजा करून मोजलेला. येथे मराठी तुमच्या उपयोगी पडते. 'मार्जिनल'साठी आपल्याकडे 'सीमांत' हा शब्द आहे, आणि त्यातच शेवटच्या, हद्दीवरच्या नगाची कल्पना बसलेली आहे. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश हे दोन्ही आता संगणकावर विनामूल्य पाहता येतात. प्रत्येक नव्या प्रकरणाआधी त्यातील आठ-दहा संज्ञांचे मराठी प्रतिशब्द शोधून इंग्रजी संज्ञेसमोर लिहून ठेवावेत, आणि तिसऱ्या रकान्यात स्वतःचे एक उदाहरण लिहावे. हे पंधरा मिनिटांचे काम आहे, आणि त्याने व्याख्यान समजणे किती सुकर होते ते दुसऱ्याच आठवड्यात जाणवते.

दुसरा गट कोणत्याही विषयाचा नसतो, आणि म्हणूनच तो कोणी शिकवत नाही. 'अझ्यूम', 'डिराइव्ह', 'व्हेरी', 'इम्प्लाय', 'कॉन्स्टंट', 'व्हेअरॅज' हे शब्द अर्थशास्त्रात येतात, भूगोलात येतात आणि रसायनशास्त्रातही येतात. न्यूझीलंडच्या भाषा-अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अशा ५७० शब्दकुलांची, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची रूपे अशा गटांची, यादी प्रसिद्ध केली. शैक्षणिक मजकुरातील सुमारे दहा टक्के शब्द त्या यादीतील असतात. रोज पाच घेतले तर ११४ दिवस लागतात, म्हणजे साधारण एक सत्र. तुम्ही रोज कदंबच्या बसमध्ये जो वेळ घालवता तो या कामाला पुरेसा आहे. मात्र नुसता अर्थ पाठ करू नका. ज्या वाक्यात तो शब्द भेटला ते वाक्यच लिहून ठेवा.

शब्द कळूनही वाक्य कळत नाही, ही तक्रार मी सर्वांत अधिक ऐकते, आणि तिचे कारण आपल्या दोन भाषांच्या घडणीत आहे. मराठीत विशेषण म्हणून येणारा मजकूर सहसा नामाच्या आधी बसतो आणि क्रियापद शेवटी येते. पाठ्यपुस्तकातील इंग्रजीत नाम आधी येते, त्याच्यामागे लांब शेपूट लागते, आणि खरे क्रियापद त्या शेपटीनंतर कोठेतरी सापडते. "दि रिडक्शन इन सप्लाय कॉज्ड बाय दि सीझनल बॅन ऑन फिशिंग रेझेस दि प्राइस" हे वाक्य पाहा. घाईने वाचणारा 'कॉज्ड' हेच क्रियापद समजतो आणि पुढे 'रेझेस' आले की गोंधळतो. मराठीत तेच वाक्य "मासेमारीवरील हंगामी बंदीमुळे पुरवठ्यात होणारी घट किंमत वाढवते" असे होते. येथे घट या शब्दाआधी सगळे वर्णन संपलेले असते. म्हणून लांब वाक्य आले की आधी पेन्सिलीने मुख्य क्रियापदाखाली रेघ ओढावी, मग 'हे कोण किंवा कोणती गोष्ट करते' असा प्रश्न विचारून त्याचा कर्ता शोधावा, आणि मधले शेपूट कंसात टाकावे. रोज दहा वाक्ये, तीन आठवडे. हे काम कंटाळवाणे आहे हे मला मान्य आहे, पण पान वाचण्याचा वेग याने जितका वाढतो तितका दुसऱ्या कशानेही वाढलेला मी पाहिलेला नाही.

मासेमारीचे उदाहरण मी मुद्दाम घेतले. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते, बाजारात मासळी कमी येते आणि बांगड्याचा भाव चढतो, हे गोव्यातील कोणत्याही घरात सांगावे लागत नाही. भाव चढला की कोण बांगडे घेणे सोडते आणि कोण तरीही घेते, हेही तुम्हाला घरच्या स्वयंपाकघरातून ठाऊक आहे. पुरवठ्याची वक्ररेषा डावीकडे सरकणे आणि मागणीची लवचिकता ही पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातील दोन प्रकरणे त्यात आहेत. वर्गात मी असे करायला लावते: पुस्तक मिटवून ही गोष्ट शेजारच्या मैत्रिणीला कोकणीत किंवा मराठीत समजावून सांगा, मग इंग्रजीत तीन वाक्ये लिहा, मग पुस्तक उघडून आपल्या तीन वाक्यांत पुस्तकातील कोणते शब्द आले आणि कोणते निसटले ते पाहा. पहिल्या पायरीवर बहुतेक सगळी मुले मोकळेपणाने बोलतात. ज्यांना मी महिनाभर गप्प बसलेले पाहिलेले असते, तीही. विचार त्यांच्याकडे असतोच, हे त्यांना स्वतःला त्या दिवशी प्रथम दिसते.

पुस्तक मिटवण्यालाही आधार आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की एखादा उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना तो पाच मिनिटांनी अधिक आठवतो, परंतु आठवड्यानंतर ज्यांनी न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केला त्यांना अधिक आठवतो. परभाषेतून शिकणारा विद्यार्थी भीतीपोटी नेमके उलटे करतो. पान पाचव्यांदा वाचतो, ओळखीचे वाटू लागले की समजले असे धरून चालतो, आणि परीक्षेत वाक्य सापडत नाही तेव्हा स्वतःच्या स्मरणशक्तीला दोष देतो.

आता मनाकडे येते. अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये 'हे काम मला जमेल' या विश्वासाचे चार उगम सांगितले: स्वतः केलेल्या कामातील यश, आपल्यासारख्या दुसऱ्याचे पाहिलेले यश, विश्वासाच्या माणसाने दिलेले प्रोत्साहन, आणि शरीराची व मनाची त्या वेळची अवस्था. या चारांत पहिला सर्वांत बलवान आहे. 'तू करू शकतेस' असे शंभर वेळा ऐकण्यापेक्षा, जुलैमध्ये साठ मिनिटे लागलेल्या पानासारखे पान सप्टेंबरमध्ये पस्तीस मिनिटांत झाले, ही स्वतःच्या हस्ताक्षरातील नोंद अधिक काम करते. मिनिटे आणि तारीख लिहून ठेवायला मी सांगितले ते यासाठी. दुसऱ्या उगमासाठी वर्गातील सर्वांत हुशार मुलीकडे पाहू नका. तुमच्याच भागातून, तुमच्यासारख्याच शाळेतून आलेली तिसऱ्या वर्षाची एखादी विद्यार्थिनी शोधा आणि पहिल्या सत्रात तिने काय केले ते तपशिलाने विचारा. प्रत्येक महाविद्यालयात अशा मुली असतात आणि त्या आनंदाने सांगतात.

चौथा उगम, म्हणजे त्या क्षणीची अवस्था, हाच तुमचे तोंड बंद करतो. परभाषेच्या वर्गातील चिंतेचा पद्धतशीर अभ्यास इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये केला आणि तिची मोजपट्टी तयार केली. बोलण्याची धास्ती, परीक्षेची भीती आणि इतर आपल्याला नावे ठेवतील ही शंका, या तीन गोष्टींशी त्यांनी ती चिंता जोडली. ही चिंता केवळ मनाला त्रास देऊन थांबत नाही. आपले मन एका वेळी मोजक्याच गोष्टी पेलू शकते. त्यातील काही जागा 'मी चुकले तर' या विचाराने व्यापली, तर वाक्य जुळवायला उरलेली जागा अपुरी पडते, आणि येणारे उत्तरही अडते. म्हणजे तुम्हाला उत्तर येत होते हे खरे, आणि ते बाहेर आले नाही हेही खरे. त्यावरून तुमच्या पात्रतेविषयी कोणताही निष्कर्ष निघत नाही.

येथे स्वतःचा एक अनुभव सांगणे मला योग्य वाटते. मीही डिचोली तालुक्यातील मराठी प्राथमिक शाळेतून आले. पदवीच्या पहिल्या वर्षी एका प्राध्यापकांनी मला उभे करून उतारा वाचायला लावला, आणि माझ्या एका उच्चारावर ते स्वतः हसले. मग वर्ग हसला. त्यानंतर मी वर्षभर त्या वर्गात एक शब्द बोलले नाही. त्याच वर्षी आमच्या गावच्या जत्रेतील नाटकात माझी भूमिका होती, आणि शेकडो माणसांसमोर मी अडीच तास रंगमंचावर वावरले. हे दोन अनुभव शेजारी ठेवून पाहायला मला फार उशीर लागला. रंगमंचावर भीती नव्हती असे नाही. परंतु तेथे महिनाभर तालीम झालेली होती, चुकले तर विंगेतून शब्द पुरवणारे कोणी होते, आणि समोरची माणसे आपली होती. वर्गात यांपैकी काहीही नव्हते. आपल्या गावोगावच्या मुलांनी नाटकात, भजनात, घुमट या वाद्यावरच्या आरतीत उभे राहण्याचा जो सराव केलेला असतो, तो इंग्रजी वर्गात एकाएकी नाहीसा होत नाही. त्याला तेथे तालमीची सोय मिळत नाही, एवढेच.

ती सोय तुम्ही स्वतः करू शकता. उद्याच्या व्याख्यानाच्या विषयावर एक प्रश्न आज रात्री इंग्रजीत लिहून काढा, मोठ्याने पाच वेळा म्हणा, आणि वर्गात कागदावर पाहून विचारा. कागद पाहण्यात कमीपणा नाही. पहिल्या महिन्यात आठवड्याला एकच प्रश्न पुरे. तेही जड वाटले तर व्याख्यान संपल्यावर शिक्षकांजवळ जाऊन विचारा, आणि पुढच्या आठवड्यात जागेवरून. एखादी मैत्रीण शेजारी बसून शब्द पुरवायला तयार असेल तर उत्तमच.

लिहिण्याबाबत एकच गोष्ट विस्ताराने सांगते, कारण तेथे गुण सर्वांत अधिक जातात. प्रश्नाच्या सुरुवातीच्या क्रियापदाकडे विद्यार्थी लक्ष देत नाहीत. 'डिफाइन' म्हटले तर व्याख्या हवी. 'एक्सप्लेन' म्हटले तर कसे आणि का हे क्रमाने हवे. 'डिस्कस' म्हटले तर एकाहून अधिक बाजू हव्यात, आणि 'क्रिटिकली एक्झामिन' म्हटले तर त्या सिद्धांताची मर्यादा कोठे आहे यावर तुमचे मत कारणांसह हवे. पाठ केलेले उत्तर चारही प्रश्नांना सारखेच लिहिले जाते, आणि त्यामुळे माहिती बरोबर असून गुण अर्धे मिळतात. शैलीचे आणखी एक अंग असे, की मराठीत आपण 'किंमत वाढते' असे ठामपणे लिहितो, तर सामाजिक शास्त्रांच्या इंग्रजीत 'मे राइज', 'टेंड्स टू राइज', 'अदर थिंग्ज बीइंग इक्वल' अशी मर्यादा घालून लिहिण्याची रीत आहे. ती भित्रेपणाची खूण नव्हे. विधान कोठपर्यंत खरे आहे ते नेमके सांगण्याची ती शिस्त आहे, आणि 'इतर परिस्थिती कायम असताना' या मराठी शब्दांत तुम्ही ती शिकलेल्याच आहात. 'दि' आणि 'अ' यांच्या चुकांवर मात्र पहिल्या वर्षी जीव टाकू नका. मराठीत उपपदे नाहीत, त्यामुळे त्या चुका वर्षानुवर्षे राहतात, आणि माझ्या अनुभवात अर्थशास्त्राचे परीक्षक त्यांच्यासाठी फारसे अडवत नाहीत. कर्ता आणि क्रियापद जुळत नसेल तर अर्थच बदलतो, त्याकडे आधी पाहावे.

व्यवस्थापनाचे अभ्यासक फ्रेड लुथान्स यांनी कामाच्या ठिकाणच्या माणसांसाठी 'मानसिक भांडवल' अशी एक कल्पना मांडली, आणि पुढे ती विद्यार्थ्यांच्या अभ्यासातही वापरली गेली. आशा, स्वतःच्या क्षमतेवरील विश्वास, चिवटपणा आणि आशावाद असे तिचे चार घटक आहेत. त्यांतील आशेचा अर्थ मला विशेष उपयोगी वाटतो. मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांच्या मांडणीत आशा म्हणजे चांगले होईल असे वाटणे एवढेच नसते. ध्येयाकडे जायची इच्छाशक्ती, आणि एक वाट बंद झाली तर दुसरी शोधता येणे, अशी ती दुहेरी असते. खचलेल्या विद्यार्थ्यांशी बोलताना मला इच्छा कमी पडलेली फारशी दिसत नाही; दुसरी वाट माहीत नसते. नेमलेले पुस्तक डोक्यावरून जात असेल तर त्याच विषयाचे सोपे पुस्तक आधी वाचणे ही वाट आहे. पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय पणजीच्या बसस्थानकापासून चालत जाण्याइतके जवळ आहे; १८३२ साली सुरू झालेल्या त्या ग्रंथालयात मराठी आणि इंग्रजी दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून बसता येते. मराठीतील अर्थशास्त्राचे पुस्तक आधी वाचून मग इंग्रजी प्रकरण उघडणे यात कोणतीही लबाडी नाही. एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना असेही सुचवले, की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत. तुमच्या महाविद्यालयात त्याबाबत काय नियम आहे ते परीक्षा विभागात विचारून घ्या. माझे वैयक्तिक मत असे, की पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे असेल तर उत्तरे इंग्रजीत लिहिण्याचा सराव सोडू नये. पण टिपणे, विचार आणि कच्चा आराखडा मराठीत करण्याची मोकळीक स्वतःला निःसंकोच द्यावी.

एक वेगळी गोष्ट गंभीरपणे सांगते. वर जे सांगितले ते अभ्यासातील धास्तीसाठी आहे. दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, महाविद्यालयात जाण्याच्या विचाराने छाती धडधडत असेल किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर तो शब्दयाद्यांनी सुटणारा प्रश्न नव्हे. महाविद्यालयातील समुपदेशकांकडे जा. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा क्रमांक विनामूल्य आहे. बांबोळीच्या मनोरुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागातही तज्ज्ञ भेटतात. तेथे जाण्याने कोणाच्या शिक्षणाची नोंद बिघडत नाही.

विषय बदलावा का, असे तुम्ही स्पष्ट विचारलेले नाही, पण 'चुकीच्या ठिकाणी आलो' या शब्दांत तो प्रश्न आहे. पहिल्या सत्रात तो निर्णय घेऊ नका. बारा आठवडे वरील नोंद ठेवा. वेळ कमी होत गेला आणि तरीही अर्थशास्त्रात मन रमले नाही, तर तो आवडीचा प्रश्न आहे आणि त्याचा वेगळा विचार करता येईल. आज मात्र विषय आवडत नाही की भाषा अडते, हे तुम्हाला स्वतःलाही सांगता येणार नाही.

राहिला वर्तमानपत्राचा प्रश्न. घरचे मराठी वर्तमानपत्र कृपा करून बंद करू नका. त्यातून तुम्हाला राज्याचा अर्थसंकल्प, खाणी, पर्यटन, काजूचे दर यांची माहिती पूर्ण वेगाने मिळते, आणि ती माहितीच पुढे इंग्रजी वाचन हलके करते. महाविद्यालयाच्या वाचनालयात इंग्रजी दैनिक येतेच. आठवड्यातून दोन दिवस, सकाळी घरी मराठीत वाचलेली एखादी अर्थविषयक बातमी दुपारी तेथे इंग्रजीत शोधा. काय घडले ते आधीच ठाऊक असल्यामुळे तुमचे लक्ष ते कोणत्या शब्दांत सांगितले आहे याकडे जाईल. पाच शब्द टिपून घ्या, त्यांपैकी दोन वापरून त्याच बातमीवर दोन वाक्ये लिहा, आणि शुक्रवारी ती तुमच्या इंग्रजीच्या शिक्षकांना दाखवा. आठवड्याला चार वाक्ये तपासायला कोणताही शिक्षक नाही म्हणणार नाही.